रेडिओ संपर्कांच्या नोंदी स्वाक्षरीविना पडून राहू नयेत

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा मोबाइल मनोरे बंद पडल्यावर काय ओढवते हे कोकणाने अनुभवले. अशा प्रसंगी हॅम रेडिओचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या रेडिओ केंद्रांचे, नाव आवर्जून निघते. मात्र याच सेवेतील रोजच्या एका कामाकडे, म्हणजे झालेल्या संपर्कांच्या नोंदी प्रमाणित करण्याकडे, आपल्या किनारपट्टीवरील आम्हा परवानाधारकांचे लक्ष कमी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉगबुक ठेवणे हे हौशी रेडिओ सेवेच्या १९७८ च्या नियमांनीच बंधनकारक केलेले आहे. संपर्क खरोखर झाला याची पावती म्हणून पूर्वी टपालाने क्यूएसएल कार्डे येत, आणि ज्यांच्या घरात ती आहेत त्यांना कोकणातल्या पावसाळी दमट हवेत कागदाचे काय होते हे वेगळे सांगायला नको. अमेरिकन रेडिओ रिले लीग या अमेरिकेतील हौशी केंद्रचालकांच्या संघटनेने २००३ मध्ये सुरू केलेली ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही ऑनलाइन सेवा हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. दोन्ही केंद्रचालकांनी आपापल्या नोंदी स्वतंत्रपणे पाठवायच्या आणि कॉल साइन (केंद्राचे परवान्यावरील ओळखनाव), बँड (वारंवारतेचा पट्टा), प्रसारणाचा प्रकार व वेळ जुळली तरच संपर्क प्रमाणित व्हायचा, अशी ती व्यवस्था आहे. अमेरिकेबाहेरील अर्जदाराच्या परवान्याची व ओळखपत्राची प्रत तपासूनच डिजिटल प्रमाणपत्र दिले जाते, आणि नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी लागणारी खासगी किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहते. त्यामुळे दुसऱ्या कोणाला आपल्या कॉल साइनने नोंदी घुसडता येत नाहीत. नोंदी पाठवण्यासाठी पैसेही पडत नाहीत.

असे असूनही नोंदी महिनोन्महिने संगणकातच पडून राहतात, याचे मुख्य कारण कंटाळा हे आहे. फाइल निवडा, ठिकाण निवडा, तारखा भरा, मग पाठवा, हा क्रम दर वेळी हाताने करणे जिवावर येते. परंतु स्वाक्षरीसाठी लागणारा टीक्यूएसएल हा मोफत व मुक्त स्रोत असलेला प्रोग्रॅम कमांड लाइनवरूनही, म्हणजे टाइप केलेल्या एका आज्ञेनेही, चालतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्राचे ठिकाण आणि एडीआयएफ या लॉगच्या प्रमाण स्वरूपातील नोंदींची फाइल आज्ञेतच सांगावी, तारखांची चौकट उघडू नये यासाठीचा पर्याय द्यावा, काम संपल्यावर प्रोग्रॅमने आपोआप बंद व्हावे असे सांगावे, आणि आधी पाठवलेल्या किंवा प्रमाणपत्राच्या मुदतीबाहेरच्या नोंदी वगळण्यासाठी ‘कम्प्लायंट’ हा शब्द द्यावा, आणि नोंदी पाठवण्याचा पर्यायही जोडावा, एवढ्यावर रोज रात्री हे काम विनासायास होऊ शकते. आमच्या भागासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वाक्षरी करताना इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर स्वाक्षरी करून ठेवावी आणि ती लहानशी फाइल नेटवर्क आल्यावर पाठवावी.

काम यंत्रावर सोपवले तरी डोळसपणा सोडून चालणार नाही. डिजिटल स्वाक्षरी नोंद कोणाची आहे हे सांगते. नोंद बरोबर आहे की नाही याची ती हमी देत नाही. नोंदीतील वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या वेळांत ३० मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. भारतीय वेळेने लिहिलेली नोंद साडेपाच तासांनी पुढे असते. पहाटे तीनच्या संपर्काची तर तारीखही आदल्या दिवसाची लागते. अशी नोंद सही होऊन बिनबोभाट पाठवली जाते आणि कायमची न जुळता राहते. ठिकाणाचेही तसेच आहे. बोरिवलीचे ग्रिड, म्हणजे नकाशावरील चौकोनाचा संकेत, एमके ६९, अलिबागचे एमके ६८, गुहागरचे एमके ६७, मालवणचे एमके ६६ आणि वेंगुर्ल्याचे एमके ६५. मुंबईत राहणारा परवानाधारक गणपतीला गावी आला आणि रीतसर परवानगी घेऊन तेथून संपर्क साधू लागला, तर त्या नोंदींवर गावाच्याच ठिकाणाची स्वाक्षरी हवी. मुंबईचे ठिकाण लिहिलेली जुनी आज्ञा तशीच चालवली, तर समोरच्या माणसाच्या खात्यातही चुकीचे ग्रिड जाते. प्रोग्रॅमने शेवटी दिलेला संकेतांकही वाचावा: शून्य म्हणजे सर्व ठीक, आठ म्हणजे सर्व नोंदी वगळल्या गेल्या, नऊ म्हणजे काही पाठवल्या व काही वगळल्या. शून्य नसलेला प्रत्येक अंक अपयश मानणारी स्क्रिप्ट (अशा आज्ञा आपोआप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नाहक गोंधळ घालते.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधीच नूतनीकरण केलेले बरे. किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी, शक्यतो पुराच्या पाण्यापासून दूर ठेवावी, कारण बुडालेल्या संगणकाबरोबर किल्लीही जाते. मे २०२४ मध्ये रिले लीगच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि ही सेवा १ जुलैपर्यंत बंद होती. तेव्हा मूळ लॉग आपल्याजवळ सुरक्षित ठेवणे ही आपलीच जबाबदारी आहे, दूरच्या सर्व्हरची नव्हे.

या खटाटोपाचा लोकांना काय उपयोग, असा प्रश्न येईल. जवळच्या संपर्कासाठीच्या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या) लहरी सह्याद्रीच्या भिंतीपाशी अडतात. घाटापलीकडे बोलण्यासाठी ७ मेगाहर्ट्झसारखा बँड लागतो, आणि तोही दिवसाच्या व ऋतूच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा वागतो. आपल्या केंद्रावरून कोल्हापूर वा पुणे कोणत्या वेळी खरोखर गाठता आले, याची दोन्ही बाजूंनी दुजोरा मिळालेली अनेक वर्षांची नोंद हाती असेल, तर वादळाच्या रात्री अंदाजाने चाचपडावे लागणार नाही.

म्हणून कोकणातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, नोंदी तपासून स्वाक्षरी करणारी छोटी स्क्रिप्ट, मराठी सूचनांसह, विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून लिहून घ्यावी आणि ती सर्वांना खुली करावी. मात्र सामायिक संगणकावर क्लबची किल्ली ठेवायची असेल, तर तिचा पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून ठेवू नये.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक हौशी रेडिओ केंद्रचालक, रत्नागिरी