लाउडाची माघारही सांगायला हवी होती

आपल्या रविवार पुरवणीतील फॉर्म्युला वन शर्यतींचा चालक निकी लाउडा याच्यावरील लेखात त्याच्या जिद्दीचे कौतुक आहे, ते रास्तच. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्युरबर्गरिंग ट्रॅकवर गाडी पेटून मरणाच्या दारातून परतलेला हा चालक सहा आठवड्यांत इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला; डोक्याच्या जखमा तेव्हा भरल्याही नव्हत्या. मात्र त्याच वर्षीची जपानमधली फुजीची शर्यत लेखाने एका ओळीत आटोपली, हे खटकले. मोसमातल्या त्या शेवटच्या शर्यतीआधी प्रतिस्पर्धी चालक जेम्स हंटवर लाउडाची ३ गुणांची आघाडी होती. ट्रॅकवर पाणी साचलेले. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या संघाच्या जागेत) आणून सोडली. इंजिन बिघडल्याची सबब संघाने देऊ केली, तीही त्याने नाकारली. विजेतेपद एका गुणाने गेले. पुढच्याच वर्षी, आणि १९८४ मध्ये पुन्हा, ते त्याने मिळवले (१९८४ ला तर अवघ्या अर्ध्या गुणाने!).

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर गाडी दामटणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना ही माघार अधिक उपयोगाची. साचलेल्या पाण्यात वेग जास्त असला की टायरच्या खाचांना पाणी बाहेर टाकणे जमत नाही. टायर पाण्यावर उचलला जातो, स्टिअरिंग एकदम हलके लागते. अशा वेळी करकचून ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग वळवले, तर पकड परत मिळताच गाडी फिरते. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, चाके सरळ ठेवावीत. कायद्याला १.६ मिलिमीटर खोल खाच चालते. कोकणातल्या पावसासाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेलाच बरा.

— एक वाचक, चिपळूण