काकांच्या हातासाठी व्हीआर

प्रिय सुधीर,

पक्षाघातानंतर काकांचा डावा हात खांद्यातून थोडा उचलायला लागलाय, हे वाचून फार बरं वाटलं. व्यायामासाठी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी जगातले खेळ दाखवणारा चष्मा) घे, पण तो नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीला. ती बंद करून नको. 2017 साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या 72 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नुसतं व्हीआर नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. पण व्यायामाचा एकूण वेळ वाढला तिथे हाताच्या कामात फरक दिसला. तीच डबी शंभरदा उचलायचा माणसाला कंटाळा येतो, खेळात तेवढ्या हालचाली सहज होतात.

आधी डॉक्टरांना विचार. फिट आली असेल, एकाची दोन दिसत असतील किंवा खांदा निखळला असेल, तर त्यांच्या होकाराशिवाय हेडसेट चढवायचा नाही.

खुर्ची बिनचाकांची, हातांची. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले. तू डावीकडे बस, तोल गेला तर तिकडेच जाईल. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. त्रास झाला नाही तर हळूहळू वाढव. उडायचे, गाडी पळवायचे खेळ नकोत. डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला काहीच जाणवत नाही, म्हणून मळमळतं. घाम फुटला की लगेच हेडसेट काढ.

आता खरी मेख. खेळातलं फळ तोडायला काका कोपर सरळ करण्याऐवजी कमरेतून पुढे वाकतील, खांदा कानाकडे चढेल. खेळाला फक्त हातात धरलेला कंट्रोलर कुठे पोचला एवढंच कळतं, तो कसा पोचला हे कळत नाही. गुण मिळत जातात आणि चुकीची सवय पक्की होते. म्हणून तू पडद्यावरच्या गुणांकडे बघू नकोस, त्यांची पाठ बघ. पाठ खुर्चीच्या टेक्यावरून सुटली की ती हालचाल मोजायची नाही. फिजिओला विचारून छातीवरून रुंद, सैलसर पट्टा बांधता येईल. तरीही वाकत असतील तर खेळातली फळं जवळ आण, खाली आण. तिथे कोपर नीट सरळ व्हायला लागलं की मग थोडी लांब.

कंट्रोलर बोटांतून निसटेल. क्रेप बँडेजने तो मुठीत हलकेच बांध. बोटं पांढरी किंवा निळसर पडली तर लगेच सोड. कॅमेऱ्याने हात ओळखणारी सोय सध्या वापरू नकोस, आवळलेली मूठ तिला नीट ओळखता येत नाही.

डावीकडची फळं ते सतत सोडत असतील तर आळस समजून रागावू नकोस. पक्षाघातानंतर ती बाजू लक्षातच येत नाही, असं होतं. फळं मधोमध ठेव, मग बोटभर बोटभर डावीकडे सरकव.

खेळ संपला की लगेच दहा मिनिटं खरा पेला, खरा टॉवेल. आभासी फळाला वजन नसतं, ते हाताला लागत नाही. पकड शिकायची ती खऱ्या वस्तूवरच. वहीत रोज तारीख, नीट झालेल्या हालचाली आणि खांद्याचं दुखणं 0 ते 10 मध्ये लिही. दुखणं वाढत गेलं तर खेळ थांबवून फिजिओला दाखव. आणि उठवताना तो हात धरून कधीही ओढू नकोस.

पहिल्या आठवड्यातला एक व्हिडिओ पाठव, पण बाजूने काढलेला. समोरून काढलास तर कंबर किती वाकते ते दिसणार नाही.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल