मेंढीपालनाच्या महामेष योजनेची पहिली अट जन्माची का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी निघणाऱ्या धनगर आणि बंजारा समाजांच्या मोर्चांच्या बातम्या आपल्या दैनिकात सविस्तर येतात. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरबाबतचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय निघाल्यापासून तर जास्तच. पण त्या वाचताना वाटतं, हे समाज पहिल्यापासून आपापल्या कुंपणात बसलेत. मराठवाड्यात राहणाऱ्याला हे पटायला जड जातं.

देगलूर-उदगीरकडचा आमचा पट्टा बघा. इथला लमाण, म्हणजे बंजारा, विमुक्त जाती (अ) मध्ये. त्याची तेलंगणातली सोयरी 1976 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जमातीत, आणि औरादकडची, कर्नाटकातली, अनुसूचित जातीत. तिन्हीकडे बोली गोरच, तांड्याला नाईक, पोरींची तीज. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. मग राज्यांच्या हद्दी पडल्या आणि ज्या त्या राज्यासाठी यादी वेगळी झाली.

धनगरांचं उलट झालं. हटकर, खुटेकर, शेगर या त्यांच्या पोटजाती. म्हाताऱ्या माणसांना विचारा, बेटी-व्यवहार पोटजातीबाहेर होत नसे. (आजही स्थळ बघताना पहिला प्रश्न तोच, हे कोणी मोर्चाच्या व्यासपीठावरून बोलणार नाही.) यादीत मात्र हे सगळे भटक्या जमाती (क) मध्ये, साडेतीन टक्क्यांत एकत्र आले, आणि पुढे आंदोलनातही. यात वावगं काही नाही.

रानात वेगळाच हिशेब चालतो. सुगी सरली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, येतो, शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी देतो नाहीतर रोकड. तिथे पोटजात कोण विचारतो? पाणी कुठल्या विहिरीचं आणि कळप हरभऱ्यात शिरला तर नुकसान कोण भरणार, एवढंच बोलणं होतं. वेगळेपण कोणी लपवतही नाही. माळेगावच्या यात्रेत सगळे ज्याचा भंडारा उधळतात त्या खंडोबाच्या घरीच वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई नांदतात, आणि त्या दोघींचं भांडण वाघ्या-मुरळी अजून रंगवून गातात.

आता मूळ तक्रार. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना 2017 पासून आहे. वीस मेंढ्या, एक नर, 75 टक्के अनुदान. योजना चांगली, पण अर्जाची पहिली अट जन्माची: भज-क, म्हणजे भटक्या जमाती (क). तांड्यावरचा एखादा लमाण किंवा गावकुसाबाहेरचा एखादा गडी आयुष्यभर कळपामागे चालला, तरी या योजनेत तो पशुपालक ठरत नाही. आरक्षण कोणाला द्यायचं हा वाद न्यायालयात आणि विधिमंडळात चालू दे, त्यात मला पडायचं नाही. पण लस, विमा, चराईचं रान आणि मेंढरं-शेळ्यांचं अनुदान यांना प्रवर्ग कशाला हवा? मावा-खुरकुतासारखे रोग जात बघून येत नाहीत.

21 व्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेण्यात आली आहे. ती नोंद तालुकावार जाहीर करावी आणि पशुसंवर्धन विभागाने या योजनांचे लाभार्थी त्यातून निवडावेत. यावर आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी अधिकाऱ्यांना गाठून विचारावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक
देगलूर, जि. नांदेड