हळदच ठेव

सांगली

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

प्रदर्शनातल्या तुझ्या पुराच्या कापडाला हळदीऐवजी दुसरा पक्का रंग देऊ का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. रंग बदलू नकोस, हळदच ठेव. संग्रहालयातल्या बाई म्हणतात ते खरं आहे. कापडासाठी 50 लक्सचा मंद दिवा लावला तरी हळदीचा रंग हळूहळू उडणारच. आपल्याकडं पदराला हळद लागली की बायका पदर उन्हातच टाकतात. पण तेवढ्यासाठी कारखान्यातला पक्का पिवळा वापरलास, तर तुझ्या कापडात सांगली राहिली कुठं?

तू पुरावर काम करते आहेस. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल, छतावर अडकलेली माणसं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फुटांची, हेही छापून आलं. हरिपूरच्या पेवांचं, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं, मात्र मुंबईत कुणाला ठाऊक असणार?

वरून एक माणूस उतरेल एवढंच तोंड आणि आत खोल, रुंद होत गेलेली पोकळी. हरिपूरची माती अशी, की आत ठेवलेल्या हळदीला वर्षानुवर्षं ओल लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा जाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच हमाल आत जायचा. दिवाणजी म्हणून मी आयुष्यभर या पेवांच्याच नोंदी लिहिल्या, कुणाचा माल, किती पोती, कधी भरली. 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, कित्येक पेवं निकामी झाली, आणि पुन्हा भरायचं धाडस थोड्यांनीच केलं. माल शीतगृहांकडं वळला. पडलेली घरं पुन्हा उभी राहतात गं, पण विजेशिवाय, नुसत्या मातीच्या भरवशावर माल राखायची विद्या गेली ती गेलीच. मला हे नुकसान सगळ्यांत मोठं वाटतं. पर्यावरणाबद्दल बोलायचंय ना तुला? मग हे बोल.

आता कापडाचं. बाजारची दळलेली पूड घेऊ नकोस. राजापुरी हळकुंडं कुटून रात्रभर भिजव. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून, मग तुरटीतून काढ, म्हणजे रंग जरा बरा धरेल. 45 फुटांची रेघ तू लाल दोऱ्यानं भरणार होतीस, त्यापेक्षा ती चुन्याच्या निवळीनं ओढून बघ. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच तर करतात. हवेनं चुन्याचा जोर उतरला की ती लालीही फिकी पडेल. पडू दे. आधी चिंधीवर करून बघ म्हणजे झालं.

आणि एक गोष्ट ऐकच. खालचा काठ वीतभर मागं दुमडून टाके घाल, आत उजेड जाणार नाही असा. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ते टाके लोकांसमोर उसव. होता तो रंग आणि उरला तो रंग एकाच कापडावर दिसू देत. हे त्या बाईंनाही आत्ताच सांग, त्या नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

शेजारच्या पाटीवर ‘नैसर्गिक रंग’ एवढंच लिहून सोडू नकोस. सांगलीची हळद असं लिही, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. हरिपूर लिही, कृष्णा-वारणेचा संगम लिही. आणि पेवात उतरणाऱ्या हमालांचा उल्लेख तुझ्या नावाच्या लगेच खाली कर, तळटिपेत ढकलू नकोस.

हळकुंडं पेठेतून आणून ठेवली आहेत. एसटीच्या पार्सलनं पाठवू, की आई आणि मी उद्घाटनाला येताना आणू? रंगवायला किती दिवस लागतील ते बघून कळव.

तुझे,
आप्पा