झिपरी बाकावर का चढते, आणि मोतीलाही ते कसं जमेल

प्रिय ताई आणि ती. बाबा,

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की कुत्र्याला बाकावर चढवायचं, खाली उतरवायचं आणि त्याचं म्हणे टायटल मिळतं, हे काय नवीन खूळ, आणि मी उत्तर द्यायच्या आत नेट गेलं. मग ताईचा मेसेज आला, मोतीला जमेल का गं हे? दोन प्रश्न वेगळे आहेत पण उत्तर एकच लांबलचक आहे म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, मेसेजवर असलं काही धड सांगता येत नाही.

याला म्हणतात डॉग पार्कोर. माणसांचा पार्कोर तुम्ही टीव्हीवर बघितला असेल, पोरं भिंतीवरून उड्या मारत, कठड्यांवरून पळत जातात तो. बाबा तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, त्याचं मूळ फ्रान्समधे आहे. जॉर्ज एबेर नावाचा एक नौदल अधिकारी होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पळणं, चढणं, तोल सांभाळणं, उडी मारणं असल्या नैसर्गिक हालचालींवर व्यायामपद्धत बसवली, त्यातून सैनिकांच्या अडथळ्यांच्या कवायती आल्या, आणि पुढे पॅरिसजवळच्या लिस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी त्याचा आजचा पार्कोर केला. ब्रिटनने तर 2017 साली त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यताही दिली. कुत्र्यांच्या पार्कोरमधे कल्पना तीच, फिरायला जाताना वाटेत जे दिसेल, बाक, दगड, पडलेलं झाड, बुटकी भिंत, सायकल स्टँड, खांब, त्याच्याशी कुत्र्याने काहीतरी करायचं. वर चढायचं, खालून जायचं, मधून जायचं, भोवती फिरायचं, नुसते पुढचे दोन पाय ठेवायचे. बस एवढंच. एवढंच म्हणते पण त्या एवढ्याशात खूप आहे.

माझी कुत्री झिपरी शेल्टरमधून आली तेव्हा काय घाबरट होती ते ताईला माहितीये. लोखंडी जाळीवर पाय ठेवायची नाही, रस्त्यात कोणी पिशवी ठेवली असेल तर तिला लांबून वळसा. मला आधी अ‍ॅजिलिटी लावायची होती, म्हणजे ते हर्डल आणि बोगदे वगैरे, 1978 ला क्रफ्ट्स डॉग शोमधे पहिल्यांदा करून दाखवलं होतं तेव्हापासून जगभर चालतं. पण तिथे घड्याळ असतं, आरडाओरडा असतो, शेजारी दुसरी कुत्री भुंकत असतात, आणि झिपरीला त्यातलं एकही झेपलं नसतं. आमची ट्रेनर म्हणाली हिला पार्कोर दे, इथे वेळ लावत नाहीत, हरणं जिंकणं नाही, आणि कुत्रीने नको म्हटलं तर नको. मला ते शेवटचं वाक्य पटलं.

आता खरा मुद्दा, जो बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. लोकांना वाटतं कुत्रा जितका उंच चढेल तितका भारी. तसं अजिबात नाहीये. बहुतेक कुत्र्यांना आपल्याला मागचे पाय आहेत याचं भानच नसतं. पुढचे पाय ते बघून टाकतात, मागचे आपोआप मागून येतात, ट्रेलरसारखे. म्हणून पार्कोरमधे एक व्यायाम असा आहे की कुत्र्याने उलटं चालत जाऊन मागचे पाय एखाद्या वस्तूवर ठेवायचे. बघायला अगदी फालतू वाटतं आणि शिकवायला वेळ खातं, पण ते जमलं की कुत्र्याची चाल बदलते. झिपरी आता जिने उतरताना धडपडत नाही, एकेक पाय ठेवते. अरुंद कठड्यावरून चालताना ती थांबते, विचार करते, मग पुढचं पाऊल टाकते, आणि तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. लोखंडी जाळीवरून पण जाते आता. धावत नाही जात, पण जाते.

मूळ व्यायाम सांगते. दोन पाय वर ठेवणं, चारही पाय वर ठेवणं, एखाद्या गोष्टीच्या आत जाणं, खालून जाणं, मधून जाणं, खांबाभोवती फिरून येणं, उलटं चालणं, तोल सांभाळत चालणं, वर चढून थांबून राहणं. पुढच्या पातळ्यांवर मग दोन वस्तूंमधल्या फटीवरून उडी, लांबून सांगितलं की एकटीने जाऊन चढणं, आणि एक टिक टॅक नावाचा प्रकार आहे त्यात कुत्रा पळत येऊन उभ्या भिंतीवर पाय मारतो आणि वळून परत जमिनीवर येतो. तो तू यूट्यूबवर बघितला असशील ताई आणि मोतीला तोच करायला लावायचं तुझ्या डोक्यात असणार. नको. निदान आत्ता तरी नको.

सुरक्षेचं जरा लांबण लावते कारण लोक नेमकं हेच गाळतात. पहिलं म्हणजे गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून पार्कोर करायचा नाही, कधीच नाही. पाठीवर कडी असलेला हार्नेसच पाहिजे, म्हणजे छाती आणि पाठीभोवती बांधायचे पट्टे, कारण कुत्रा वर असताना पाय घसरला आणि दोरी गळ्याला असली तर सगळं वजन मानेवर येतं. हार्नेस पण असा हवा की खांदे मोकळे राहतील, छातीवर आडवी पट्टी असलेला नको, त्याने पाय पुढे टाकताना अडतं. आणि दोरी सैल, ताणलेली दोरी म्हणजे आपण त्याचा तोल बिघडवतोय.

दुसरं उतरणं. चढण्यापेक्षा उतरणं जास्त घातक. कुत्रा नुसता उभा असतो तेव्हाच त्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि उंचावरून खाली उडी मारली की तो धक्का आधी त्याच पायांवर. त्यात कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी धरलेले असतात. त्यामुळे आमच्याकडे नियमच आहे की झिपरीच्या खांद्यापेक्षा उंच काही असलं की मी तिला धरून उतरवते, किंवा मधे एखादी पायरी असेल तिथूनच उतरायचं. बाबा, तुम्ही म्हणाल रस्त्यावरच्या कुत्र्यांना काय कोणी धरून उतरवतं का, पण रस्त्यावरचा कुत्रा एकदा उडी मारतो, इथे आपण तीच गोष्ट परत परत करून घेणार असतो. फरक पडतो.

तिसरं स्पॉटिंग, म्हणजे कुत्रा वर असताना आपण मोबाइल बघत उभं राहायचं नाही. शेजारी उभं राहायचं, एक हात हार्नेसच्या जवळ, दुसरा कमरेच्या बाजूला, अंगाला न लावता तयार ठेवायचा, पडायला लागला तर सावरता आलं पाहिजे. बाबांना हे छान जमेल, ताई तुझं मला माहिती नाही 😄

आणि चढवायच्या आधी वस्तू आपण हलवून बघायची. दगड डुगडुगतोय का, ओंडका लोळतोय का, बाकाची फळी मोडकी आहे का, खिळा वर आलाय का. ओलं लाकूड आणि ओलं लोखंड दोन्ही घसरतात. उन्हात तापलेला सिमेंटचा कट्टा आपल्या तळहाताला सोसत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. नखं वाढलेली असतील तर आधी कापायची. आणि लोकांची बसायची जागा असेल तर चिखलाचे पाय पुसून यायचं, स्मारकं आणि कबरी तर सोडूनच द्यायच्या, झाडाची साल निघेल असं काही करायचं नाही. या खेळाबद्दल लोकांचं मत आपल्या वागण्यावरच ठरतं.

शिकवायचं कसं ते आता. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, उचलून वर ठेवायचं तर अजिबात नाही. बुटकी वस्तू घ्यायची, अगदी पायरीएवढी, आणि आपण तिच्याजवळ जाऊन गप्प उभं राहायचं. कुत्रा वास घेईल, इकडे तिकडे बघेल, कधीतरी एक पंजा लावेल. त्या क्षणाला शाब्बास आणि खाऊ. पुन्हा लावला की पुन्हा खाऊ. मग हळूहळू दोन पंजे लावल्याशिवाय खाऊ नाही. त्याच्या डोक्यात बसलं की मग शब्द जोडायचा, मी वर म्हणते, तू काहीही म्हण पण रोज तोच म्हण. एका वस्तूवर जमलं म्हणजे सगळीकडे जमलं असं धरायचं नाही, कुत्र्याच्या दृष्टीने घरातलं स्टूल आणि बागेतला दगड या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, म्हणून जागा बदलत राहायचं, वस्तू बदलत राहायच्या. आणि त्याने तोंड फिरवलं, जांभया दिल्या, ओठ चाटायला लागला, तर तो नको म्हणतोय असं समजून सोपं काहीतरी करून घ्यायचं आणि घरी यायचं. थोडंच करायचं. कंटाळेपर्यंत कधीच नाही.

आता टायटल. बाबा, ही काही कागदी फुशारकी नाहीये, म्हणजे थोडी आहे, सर्टिफिकेट फ्रिजवर लावलंय मी 🙈 इंटरनॅशनल डॉग पार्कोर असोसिएशन म्हणून संस्था आहे, तिच्या पातळ्या आहेत, ट्रेनिंग, मग नोव्हिस, मग इंटरमीडिएट, मग एक्स्पर्ट. प्रत्येक पातळीला ठरलेले व्यायाम असतात, ते आपण आपल्या आजूबाजूच्या गोष्टींवर करायचे, व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा. तिथले परीक्षक तो बघतात, पास नापास कळवतात आणि कुठे सुधारायचं तेही लिहितात. पास झालं की कुत्र्याच्या नावापुढे अक्षरं लागतात, ट्रेनिंगला पीकेडी-टी, नोव्हिसला पीकेडी-एन. ऑल डॉग्ज पार्कोर नावाची अजून एक संस्था आहे, तिचंही काम व्हिडिओवरच चालतं. स्पर्धा दुसऱ्या कुत्र्याशी नाही, व्यायाम नियमाप्रमाणे झाला का आणि सुरक्षित झाला का एवढंच बघतात. हार्नेस नसेल किंवा स्पॉटिंग धड नसेल तर कुत्र्याने कितीही सुंदर केलं तरी उपयोग नाही. मला हे फार आवडतं, परीक्षा अर्धी माझीच असते.

आणि ताई तुझं उत्तर यातच आहे. व्हिडिओ पाठवायचा म्हणजे कुठल्या मैदानावर जायला नको, परदेशात असायला नको, जातिवंत कुत्रा नको. मोती जसा आहे तसा चालेल. पण आधी डॉक्टरांकडून त्याची कंबर आणि गुडघे तपासून घे, त्याचं वय झालंय आणि बाबा त्याला गुपचूप खायला घालतात हे मला कॉलवर दिसतं. वजन जास्त असेल तर चारही पाय वर वगैरे नंतर, आधी खांबाभोवती फिरणं, खालून जाणं, जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून पाय उचलून चालणं, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवणं. हे सगळं म्हाताऱ्या कुत्र्याला पण झेपतं आणि उलट बरं असतं. शेजारच्या त्या नव्या पिल्लाचं विचारलंस, त्याला उड्या अजिबात नकोत. पिल्लांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, मोठ्या जातीत ती दीड वर्षापर्यंत पण चालू असतात, तोपर्यंत जमिनीवरचं आणि बुटकं तेवढंच.

फिरायला निघाल्यावर लगेच चढवू नका हं, आधी जरा चालू दे, अंग मोकळं होऊ दे. आणि व्हिडिओ काढताना एकाने कुत्र्याबरोबर राहायचं आणि दुसऱ्याने लांबून काढायचा, कुत्रा, वस्तू आणि धरणारा माणूस तिन्ही एका फ्रेममधे आले पाहिजेत, पंजे फ्रेमबाहेर जाता कामा नयेत, आणि एक व्यायाम सलग, मधे कट नाही. बाबा कुत्र्याबरोबर, ताई मोबाइलवर, असं ठरवा. उलटं करू नका, बाबांच्या व्हिडिओत नेहमी त्यांचं बोट येतं.

पहिला व्हिडिओ संस्थेला नको, मला पाठवा, दोन पाय वर एवढाच. मी बघून सांगते. हार्नेसचं माप घ्यायचं असेल तर पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोज आणि मानेच्या बुडाशी एक, दोन्ही आकडे मेसेज कर, कुठला घ्यायचा ते मी कळवते. आईला सांग झिपरी मजेत आहे आणि सोफ्यावर चढणं हा पार्कोर धरत नाहीत, तिने विचारलं होतं.

तुमची,
मनू