पानातलं गंधक, मेंदूतलं गंधक

पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू 'सल्फोलिपिड' आणि 'सल्फाटाइड' एकाच दमात म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच पाठवावं. दोन्ही लिपिडं, म्हणजे स्निग्ध रेणू; दोन्हींत गंधक आहे, दोन्ही पेशीच्या पटलात असतात, दोन्हींवर ऋण प्रभार असतो, इथवर ठीक. पण गंधक कुठे आणि कशाने जोडलंय हे आधी पक्कं कर. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

पानातलं सल्फोलिपिड म्हणजे एसक्यूडीजी घे, पूर्ण नाव सल्फोक्विनोव्होसिल डायअसिलग्लिसरॉल. त्याचं डोकं, म्हणजे साखरेचा भाग, मुळात ग्लुकोजच. फक्त सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन जाऊन सल्फोनेट थेट कार्बनला जोडलेलं. ही साखर अल्फा बंधाने ग्लिसरॉलच्या तिसऱ्या कार्बनवर आणि उरलेल्या दोन जागी एस्टर बंधाने मेदाम्लं, पालकात मुख्यतः पामिटिक आणि लिनोलेनिक. 1959 मध्ये अँड्र्यू बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हा रेणू दाखवून दिला. वनस्पती तो दोन पायऱ्यांत बनवते. एसक्यूडी1 हे विकर यूडीपी-ग्लुकोजवर (ग्लुकोजचं सक्रिय रूप) सल्फाइट चढवतं आणि एसक्यूडी2 ते डोकं डायअसिलग्लिसरॉलवर बसवतं.

मेंदूतल्या सल्फाटाइडमध्ये ग्लिसरॉल नाहीच. सिरॅमाइडवर (मेदाम्ल अमाइड बंधाने जोडलेला स्निग्ध पाया) गॅलॅक्टोज आणि गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या हायड्रॉक्सिलवर सल्फेट. म्हणजे कार्बन, मग ऑक्सिजन, मग गंधक. हा एस्टर आहे आणि एस्टर तुटतो. कोरड्या मिथेनॉलमध्ये सौम्य आम्ल दिलंस की सल्फेट गळून साधं गॅलॅक्टोसिरॅमाइड उरतं. एसक्यूडीजीचं सल्फोनेट मात्र जागचं हलत नाही. सौम्य अल्कली दे, की उलट चित्र: एसक्यूडीजीची मेदाम्लं सुटतात, सल्फाटाइडचा अमाइड बंध टिकतो. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजतो; त्याच्या ऋण मोडमध्ये तर दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होतं. एसक्यूडीजीचा तुकडा 225 वर येतो, साखरेसकट; सल्फाटाइडचा 97 वर, कारण तिथे सल्फेट एकटंच सुटून येतं.

आता तुझा फॉस्फेटचा प्रयोग, म्हणजे फॉस्फेट तोडलं की पानातल्या एसक्यूडीजीचं काय होतं ते बघायचा. थायलॅकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या पटलात गॅलॅक्टोलिपिडांचा (गॅलॅक्टोज साखरेच्या लिपिडांचा) भरणा असतो, त्यांवर प्रभार नसतो. ऋण प्रभाराची बाजू एसक्यूडीजी आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, म्हणजे पीजी हे फॉस्फरसवालं लिपिड, सांभाळतात. फॉस्फेट तुटलं की झाड पीजी कमी करून एसक्यूडीजी वाढवतं. दोघांची बेरीज फारशी ढळत नाही. फॉस्फरस वाचतो, प्रभार राहतो. म्हणून नुसतं एसक्यूडीजी मोजून काही सिद्ध होत नाही, दोन्ही मोजायला हवीत. आणि पीजी शून्यावर येत नाही, कारण फोटोसिस्टिममधल्या (प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनसंचातल्या) त्याच्या काही जागा एसक्यूडीजीला भरता येत नाहीत.

हात बसवायला मंडईतला पालक उत्तम, पण निष्कर्षासाठी तो घेऊ नकोस. त्याला कोणतं खत पडलंय, देव जाणे. पोषक द्रावणात रोपं वाढव, आणि पोटॅशियम फॉस्फेट काढशील तिथे तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घाल. नाहीतर पोटॅशियमही घटेल आणि दोष फॉस्फेटवर जाईल.

निष्कर्षण करताना, म्हणजे पानातून लिपिडं काढताना, घोडं पहिल्याच मिनिटाला पेंड खातं. पान कुस्करलं की फॉस्फोलायपेज डी हे विकर मोकळं होतं आणि पीजीसह फॉस्फोलिपिडं तोडायला लागतं. एसक्यूडीजीचं गुणोत्तर उगाच फुगतं. पुढे प्लेटवर फॉस्फॅटिडिक आम्लाचा (त्या तोडण्यातून उरणाऱ्या लिपिडाचा) ठिपका ठळक दिसला तर हेच झालंय असं समज. म्हणून खलबत्ता बाजूला ठेव. 0.01 टक्के बीएचटी (मेदाम्लं हवेने खराब होऊ नयेत म्हणून) घातलेलं 3 मिलि आयसोप्रोपेनॉल आधीच 75 अंशांवर तापवून ठेव, पान कापल्या कापल्या त्यात टाक आणि 15 मिनिटं राहू दे. बुडापाशी ज्योत नको, वॉटर बाथच हवा. मग 1.5 मिलि क्लोरोफॉर्म, 0.6 मिलि पाणी घालून तासभर हलव. पुढे क्लोरोफॉर्म-मिथेनॉल 2:1 ने पान पांढरं पडेपर्यंत धू. एकत्र केलेला अर्क 1 मोलर पोटॅशियम क्लोराइडने धुवायचा; पहिलं धुणं निव्वळ पाण्याचं केलंस तर ऋण प्रभाराची लिपिडं वरच्या थरात निसटतात, म्हणजे नेमकी तुला हवी ती. नळ्या काचेच्या, झाकणं टेफ्लॉनची. प्लॅस्टिक वापरलंस तर क्लोरोफॉर्म त्यातलं काय काय ओढून आणेल आणि तू ते लिपिड म्हणून मोजशील.

टीएलसीला, म्हणजे पातळ थरावर लिपिडं वेगळी करायला, सिलिकाची प्लेट 0.15 मोलर अमोनियम सल्फेटमध्ये भिजवून वाळव, 120 अंशांवर तापव आणि असिटोन-टोल्युइन-पाणी 91:30:8 मध्ये चालव. पीजी आणि एसक्यूडीजी नीट वेगळे होतात. सध्याच्या पावसात भट्टीतून काढलेली प्लेट टेबलावर विसरलीस की ती ओल धरते आणि ठिपके कालच्या जागी येत नाहीत. प्रमाण नमुना, म्हणजे ओळखीचं शुद्ध लिपिड, प्रत्येक प्लेटवर हवाच. अल्फा-नॅफ्थॉल साखरवाल्यांना रंगवतं, मोलिब्डेनम ब्लू फॉस्फेटवाल्यांना; ठिपका दोन्हींना रंगला तर दोन लिपिडं एकावर एक बसली आहेत. आणि या प्लेटवरचा ठिपका खरवडून त्यातलं गंधक मोजायच्या फंदात पडू नकोस, प्लेटच सल्फेटने माखलेली असते. मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) मोज, 15:0 हे पंधरा कार्बनांचं मेदाम्ल ठरावीक मापाने, अंतर्गत प्रमाण म्हणून घालून.

तू विचारलंस की काही आजारी माणसांत सल्फाटाइड साठतं ते का. तो एस्टर तोडायला लायसोसोममधलं (पेशीच्या कचरा पचवणाऱ्या पिशवीतलं) अरिलसल्फटेज ए हे विकर लागतं, आणि त्याच्यापुढे सल्फाटाइड आणून धरायला सॅपोसिन बी हे प्रथिन. दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी साठा होतो आणि मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं वेष्टण, झिजतं. हीच मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. इथे एक मेख आहे. काही धडधाकट माणसांतही या विकराची क्रिया कमी भरते, आणि सॅपोसिन बी नसलेल्यांत ती व्यवस्थित दिसते. म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही, लघवीतलं सल्फाटाइड आणि जनुकतपासणीही बघतात. प्रकल्पात हे एका परिच्छेदात मावेल.

क्षयाच्या जिवाणूचं एसएल-1 हे गंधकवालं लिपिड हवं असेल तर घाल, पण तो तिसराच गडी. ट्रेहॅलोज या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर सल्फेट एस्टर, वर चार मेदाम्लं. 2020 मध्ये गिनिपिगांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ते वेदना जाणवणाऱ्या चेतापेशींना चेतवून खोकला आणतं.

उरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नकोस, आणि असिटोनच्या टाकाऊ बाटलीत तर मुळीच नको. अल्कली मिसळली तर दोघांचं जोरात पेटतं. त्याची बाटली वेगळी ठेव. पहिल्या प्लेटचा फोटो पाठव, ठिपक्यांची नावं पेन्सिलीने लिहून.

तुझी
आई