पॅनल आले, शिकवणार कोण?

संपादक महोदय,

मी एका तालुक्याच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतो, २२ वर्षं झाली. गेल्या वर्षी आमच्याकडे ते मोठे टच पॅनल (बोटाने लिहायचा डिजिटल फळा) बसले, नारळ फुटला, फोटो झाले आणि आठवड्याभरात एका सरांनी त्यावर नेहमीच्या व्हाइटबोर्ड मार्करने डिमांड कर्व्ह काढला, मग शिपाई ओल्या फडक्याने अर्धा तास पुसत बसला. हसू नका, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं! आता पॅनलवर कापड टाकलंय, उद्घाटनाआधीच्या पुतळ्यासारखं.

२०२१ च्या यूजीसी नियमांनुसार सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात, क्रेडिटही मिळतात. पण पोराला कोर्स निवडून द्यायचा, त्याची असाइनमेंट अडली तर बसून सांगायचं, हे करणार कोण? आमची ट्रेनिंगं होतात की, ऑनलाइन असतात, कॅमेरा बंद, मोबाइल टेबलावर, आणि आपण घरात भाजी निवडतोय (मीही निवडलीय, खोटं कशाला बोलू). सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना, प्रमोशनच्या फाइलला लागतं ना.

मला खरं शिकवलं ते एफवायच्या एका मुलीनं. रिसेसमध्ये दहा मिनिटांत गूगल फॉर्मवर क्विझ कशी करायची ते दाखवलं, तेव्हापासून दर शुक्रवारी घेतो, मागच्या बाकावरचेही उत्तरं देतात. विद्यापीठानं अशी दोन-चार पोरं प्रत्येक कॉलेजला मानधन देऊन नेमावीत, आणि ट्रेनिंग आमच्याच वर्गात, आमच्याच पॅनलवर घ्यावं. लाइट असताना.

– एक प्राध्यापक